एका दिवसात महाबळेश्वर-पाचगणी: तिथलं, तिथे पिकणारं खायचं असेल तर

पुण्याहून पहाटे निघायचं, रात्री घरी परतायचं, गाडीत पोरं आणि आजी-आजोबा, आणि जायचं महाबळेश्वर-पाचगणीला. असा बेत पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पॉइंटांची यादी कुठेही मिळते. खाण्याचं मात्र कोणी नीट सांगत नाही. मग होतं काय, की दुपारचे दोन वाजतात, पोरं भुकेने रडकुंडीला येतात, आणि समोर दिसेल त्या हॉटेलात शिरून सगळे पनीर बटर मसाला नाहीतर नूडल्स खाऊन बाहेर पडतात. ते पुण्यातही मिळतं. सुमारे साडेचार हजार फुटांवरच्या या पठारावर लाल माती, धो धो पाऊस आणि थंड रात्री यांच्या जोरावर जे पिकतं, आणि तिथल्या चुलीवर जे शिजतं, ते चाखायचं राहूनच जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. आधी कुठे, किती वाजता, काय खायचं ते ठरवा, आणि मधल्या वेळात बसतील तेवढेच पॉइंट बघा. एका दिवसात दोन पॉइंट नीट होतात. सहा करायला गेलात तर दिवस गाडीतच जातो आणि जेवणाची आबाळ होते ती वेगळीच.

मुंबईकरांनी मात्र एका दिवसाचा हट्ट करू नये. अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, मुक्काम करावाच लागतो. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्यांना पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल, फक्त येण्याचा रस्ता बदलेल.

१. आधी महिना बघा

तिथे काय खायला मिळणार हे तुम्ही कोणत्या महिन्यात जाता यावर ठरतं.

स्ट्रॉबेरीची लागण पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नोव्हेंबरच्या शेवटी फळ यायला लागतं आणि एप्रिलपर्यंत चालतं, कधी मे उजाडेपर्यंत. सुरुवातीला माल कमी आणि भाव चढा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ भरपूर असतं, भावही उतरलेला असतो, आणि सकाळची थंडी अजून टिकून असते. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जायचं असेल तर मी हेच दोन महिने सांगेन. मार्च-एप्रिलकडे मलबेरी म्हणजे तुतीही येते. काळीभोर पिकलेली घ्या, लाल आंबट लागते. कागदी पाकळ्यांच्या फुग्यात लपलेली पिवळी गुजबेरी दिसली तर पोरांना स्वतः सोलून खाऊ द्या.

मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. घाटाच्या कडेला बायका द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असतात. गर्दी मात्र याच महिन्यात सर्वात जास्त.

जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं हे ठिकाण आहे, त्यातला बहुतेक सगळा याच चार महिन्यांत कोसळतो. पॉइंटवर धुक्याशिवाय काही दिसेलच असं नाही. पण निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, कांदाभजी आणि आल्याचा चहा यांची खरी चव तेव्हाच कळते. ऑगस्टच्या सुमारास घरगुती खानावळीत रानभाजी आहे का ते आवर्जून विचारा. टाकळा, कुरडू, भारंगी यांपैकी काही मिळालं तर दुसरं काही मागवू नका. एवढं लक्षात ठेवा, की पावसाळ्यात ‘ताजी स्ट्रॉबेरी’ असा बोर्ड दिसला तर ते फळ गोठवून ठेवलेलं असतं. स्ट्रॉबेरीसाठी जायचं असेल तर हिवाळ्यातच जा.

वार निवडता येत असेल तर मंगळवार-बुधवार बघा. नाताळचा आठवडा आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. त्या दिवसांत पसरणीच्या घाटात आणि वेण्णा तलावापाशी गाड्या तासन् तास खोळंबतात.

२. पहाटे निघा, आणि घाटाआधी पोट हलकं ठेवा

पुण्यापासून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. रस्ता मोकळा असेल तर तीन तास लागतात. साडेपाच-सहाला घर सोडा.

पहिली चूक बहुतेक जण हायवेवरच करतात. सकाळी सातला मिसळ, वडापाव, वर दुधाच्या कॉफीचा मग, आणि तासाभरात पसरणीची वळणं. मग मागच्या सीटवर पिशव्यांची शोधाशोध सुरू होते. घाट लागणाऱ्या मुलांना निघताना कोरडं आणि थोडंसंच द्या. घरची चपाती-गूळ, खाकरा, फार तर एक केळं. दूध नको. मोठ्यांनी शिरवळच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी प्लेटभर पोहे आणि चहा घेतला की पुरे.

गाडीत आलेपाकाच्या वड्या ठेवा. सातारा जिल्हा आल्याच्या पिकासाठी ओळखला जातो, आणि मळमळीवर आलं हा जुना खात्रीचा उपाय आहे. घाट सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी एक वडी चघळायला द्यायची, मोबाइल काढून घ्यायचा, आणि खिडकीतून लांब बघायला सांगायचं.

३. वाईत अर्धा तास

वाई टाळून पुढे पळू नका. घाट चढण्याआधी पाय मोकळे करायला याहून चांगली जागा नाही. गाडी लावा, कृष्णेच्या घाटावर उतरा, ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या. एवढी मोठी मूर्ती बघून पोरं हरखून जातात. सकाळी आठच्या सुमारास घाटावर शांतता असते.

वाईच्या परिसरात हळद होते. बाजार उघडला असेल तर घरासाठी पावशेर हळद घ्या. परतताना रात्र होते आणि थांबायचा कंटाळा येतो, म्हणून हे काम सकाळीच उरका. पाण्याच्या बाटल्याही इथेच भरून घ्या.

४. स्ट्रॉबेरी शेतावर खा

पाचगणी ओलांडून महाबळेश्वरकडे निघालात की दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीची शेतं दिसायला लागतात. भिलार, गुरेघर, अवकाळी, मेटगुताड ही सगळी स्ट्रॉबेरीची गावं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

कुटुंब सोबत असेल तर मी भिलारला वळायला सांगेन. मुख्य रस्ता सोडून थोडं आत जावं लागतं, पण त्यामुळेच तिथे निवांतपणा आहे. मे २०१७ पासून हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे. घराघरांत मराठी पुस्तकं मांडून ठेवलेली आहेत, कोणीही जाऊन बसावं आणि वाचावं. आजोबा एखाद्या ओसरीवर पुस्तक घेऊन बसतात, पोरं शेतात जातात, सगळे खूश. काही घरांत आधी कळवलं तर जेवणही मिळतं.

शेतात शिरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: आत यायला पैसे आहेत का, तोडलेल्या फळाचा किलोचा भाव काय, आणि शेतात उभ्या उभ्या खाल्लेलं फळ कशात धरणार. कुठे प्रवेशाचे पैसे घेतात आणि पोटभर खाऊ देतात, कुठे प्रवेश मोकळा असतो आणि वजनावर हिशोब होतो. आधी बोलून घेतलं की दोघांच्याही मनात काही राहत नाही.

गादीवाफ्यावर पाय देऊ नका, मधल्या सरीतून चाला. हे पोरांना आत जाण्यापूर्वीच सांगा. प्लास्टिकच्या कागदाखाली ठिबकची नळी असते, ती पायाखाली दबली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं.

आता फळ कसं ओळखायचं. पान बाजूला करून खाली बघा, कारण चांगलं पिकलेलं फळ पानाआड लपलेलं असतं. देठाला जिथे हिरवी टोपी असते, तिथपर्यंत फळ लाल हवं. टोपीखाली पांढरा पट्टा दिसला तर ते फळ राहू द्या. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा घरी नेऊन आढी घालता येते, इथे ती सोय नाही. जेवढी गोडी झाडावर आली तेवढीच. लांबच्या बाजारात जाणारा माल वाटेत टिकावा म्हणून जरा आधी तोडावा लागतो, आणि म्हणूनच शहरात घेतलेली स्ट्रॉबेरी एवढी आंबट लागते. शेतात उभं राहून खाल्लेलं फळ वेगळंच लागतं याचं कारण हेच आहे.

आकाराला भुलू नका. मोठं फळ बघायला छान, पण मध्यम आकाराचं, गडद लाल आणि वासाचं फळ बहुतेक वेळा जास्त गोड निघतं. तोडताना ओढायचं नाही. देठ फळाच्या इंचभर वर नखाने खुडायचा, टोपी फळालाच राहू द्यायची. खाण्याआधी बाटलीतल्या पाण्याने धुवा, आणि धुवून झाल्यावरच टोपी काढा. आधी काढली तर पाणी आत शिरतं आणि चव फिकी होते.

आज शेतात कोणती जात आहे तेही विचारा. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा ही नावं इथला शाळकरी पोरगाही सहज सांगतो. दोन जाती शेजारी शेजारी लावलेल्या असतील तर एकेक चाखून बघा, फरक लगेच कळतो. शेतकऱ्याला वेळ असेल तर त्याला बोलतं करा. मातृरोपं परदेशातून येतात, ती पावसाळ्यात वाढवायची कशी, एका रात्रीच्या दंवाने फुलोरा कसा जळतो, हे त्याच्या तोंडून ऐकलेलं पोरं विसरत नाहीत.

सकाळच्या या फेरीत क्रीम खाऊ नका. स्ट्रॉबेरी क्रीम हा इथला लाडका पदार्थ आहे आणि तो खायचाच आहे, पण जेवणानंतर. आत्ता ग्लासभर क्रीम पोटात गेलं तर भाकरीची भूक मरते.

५. जेवण: नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा

दिवसभरातली मोठी गोष्ट ही. यासाठी दीड तास राखून ठेवा.

जागा म्हणून मी क्षेत्र महाबळेश्वर सुचवतो. मुख्य बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे मूळ गाव. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, आणि गोमुखातून अखंड पाणी पडत असतं. बारापर्यंत पोहोचलात तर आधी शेजारच्या साध्या खानावळीत जेवण सांगा, मग दर्शनाला जा. भाकरी मागणीप्रमाणे थापली जाते, घाई करून चालत नाही. दर्शन होईतो पानं वाढलेली असतात.

खानावळ कशी निवडायची? चूल बाहेरून दिसते का बघा. भाकरी करणारी बाई समोर बसलेली आहे का बघा. आणि फळ्यावर आठ-दहाच पदार्थ लिहिलेले आहेत का बघा. जिथे मेन्यू कार्डावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन असं सगळंच आहे, तिथे भाकरी सकाळीच करून ठेवलेली असण्याची शक्यता फार.

भाकरीत ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि नाचणी असे पर्याय असतात. नाचणी मागा. या डोंगरउतारावर, जावळीच्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या पिकणारं धान्य ते. फळ्यावर लिहिलेलं नसलं तरी ‘नाचणीची मिळेल का?’ असं विचारा. पीठ असेल तर करून देतात. आणि पोरांना चुलीपाशी नेऊन दाखवा. नाचणीला चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. गोळा परातीत कोरड्या पिठावर ठेवून तळव्याने थापत थापत गोल फिरवायचा. तव्यावर टाकली की वरच्या अंगावर पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, त्या क्षणाला भाकरी उलटायची. उशीर झाला तर तडे जातात. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करतात, आणि ती बघता बघता टम्म फुगते. गरम असतानाच वरचा पापुद्रा फोडून आत लोणी सोडा. घरचं लोणी नसेल तर कच्चं तेल आणि ठेचा. भाकरी गार झाली की नाचणी कडक होते, म्हणून एकदम सगळ्या मागवू नका. माणशी एक आधी, मग लागेल तशी.

सोबत काय सांगायचं? झुणका कोरडा असतो आणि पिठलं पातळ. नाचणीच्या भाकरीला पिठलं बरं, कारण ती कोरडी असते. ज्वारीच्या भाकरीवर कांद्याच्या पातीचा झुणका. चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत असेल तर घ्याच. धुराचा वास घरच्या गॅसवर येत नाही.

एक गोष्ट खास विचारा: आज घेवडा आहे का? सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात लाल, अंगावर पट्टे असलेला वाघ्या घेवडा होतो. त्यालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याची दाट आमटी किंवा उसळ, वर कच्चा कांदा, शेजारी भात. ज्यांना बेसन पचत नाही त्यांच्यासाठी हे जेवण उत्तम. दुकानात राजमा म्हणून जे मिळतं त्यापेक्षा हा लवकर शिजतो आणि चवीला गोडसर लागतो.

मांसाहार करणाऱ्यांनी गावरान कोंबडीचा रस्सा सांगावा, पण सकाळी वाईतून निघतानाच फोन करून. गावरान कोंबडी शिजायला वेळ घेते. पोहोचल्यावर वीस मिनिटांत समोर आली तर ती गावरान नाही असं समजा. तापोळ्याच्या बाजूला शिवसागर जलाशयातले मासे छान मिळतात, पण तो रस्ता वळणावळणाचा आणि लांबचा. एका दिवसाच्या फेरीत तापोळं घालू नका, त्यासाठी पुन्हा वेगळे या.

तिखटाचं आधी सांगा. साताऱ्याकडचं तिखट पुण्याच्या जिभेलाही लागतं. ‘मावशी, पोरांसाठी वेगळं, तिखट नको’ एवढं म्हटलं की दही-भाकरी, तूप-गूळ-भाकरी किंवा वरण-भात निघतो. फळ्यावर नसला तरी निघतो. आजी-आजोबांना दात साथ देत नसतील तर भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून द्या, आणि ताक आधीच जास्त मागवा. ठेचा मात्र प्रत्येकाने बोटाच्या टोकाएवढा तरी चाखावा.

भाव आधी विचारण्यात संकोच नको. थाळी आहे की वेगवेगळं, जास्तीच्या भाकरीचे किती, एवढं कळलं की पुरे. आणि शेवटी घासाघीस करू नका. चुलीसमोर बसून तुमच्यासाठी एकेक भाकरी थापलेली असते.

६. जेवण झाल्यावर एकच पॉइंट

क्षेत्र महाबळेश्वरहून तोच रस्ता पुढे ऑर्थर सीटला जातो. सावित्रीच्या खोऱ्याकडे तुटलेला कडा तिथून दिसतो. पोटभर जेवण झाल्यावर थोडं चालणं होतं, तेवढं बघा आणि परत फिरा.

गाडीतून उतरताना हातात खाण्याची एकही पिशवी नको. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात आणि लहान मुलांच्या हातातून थेट हिसकावतात. त्यांना मुद्दाम खायला घालणंही बंद करा, त्याच सवयीने ती अंगावर यायला लागली आहेत. कणसाचं बुरखुंड, चिक्कीचा कागद, पाण्याची बाटली, सगळं गाडीतल्या पिशवीत टाकून घरी न्या. कड्यावरून खाली फेकलेलं प्लास्टिक उचलायला कोणी जाऊ शकत नाही.

७. मध घ्यायचा असेल तर

महाबळेश्वरच्या मधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत इथेच जास्त होते.

या जंगलात मधमाशापालनाची जुनी परंपरा आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे, आणि तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पेटीत पाळली जाते ती सातेरी माशी. आग्या माशी मोठी आणि तापट, तिची पोळी उंच झाडांवर आणि कड्यांना लटकतात.

मधाची चव फुलोऱ्याप्रमाणे बदलते. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट, हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे तिचा मध दर वर्षी मिळत नाही. बाजारात कोणी कायम कारवीचा मध विकत असेल तर नीट चौकशी करा. सहकारी सोसायटीच्या किंवा संचालनालयाशी जोडलेल्या विक्री केंद्रातून घ्या, लेबल वाचा, चमचाभर चाखायला मागा. रस्त्यात बादलीत पोळं ठेवून बसलेल्याकडून घेऊ नका. घरी थंडीत मध दाणेदार झाला, गोठला, तर त्यात साखर घातली असं लगेच समजू नका. मध गोठतोच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

आणि घरात वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. आजीला हे पटवून द्यावं लागतं, पण डॉक्टर हे ठामपणे सांगतात.

८. चार वाजता: क्रीम, चणे, कणीस

आता स्ट्रॉबेरी क्रीमची वेळ. चार माणसांत दोन ग्लास पुरतात. मागवताना फळ ताजं कापून घालताय की क्रश ओतताय ते विचारा. तळाशी फळाचे तुकडे, मध्ये क्रीम, वर पुन्हा फळ, एवढंच हवं. वरून रंगीत सिरप नको म्हणा. गुरेघरचं मॅप्रो गार्डन मुलांना आवडतं, सरबतं आणि जेली तिथे चाखायला मिळतात. पाचगणीत १९५९ मध्ये सुरू झालेला हा फळप्रक्रियेचा उद्योग. सुट्टीच्या दिवशी गर्दी मात्र अफाट असते. गर्दी दिसली तर रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या छोट्या स्टॉलवर थांबा, तिथलं क्रीमही तितकंच छान.

बाजारपेठेत गरम चणे-फुटाणे घ्या. हरभरा काही या पठारावरचा नाही, पण वाळूत भाजायची इथली पद्धत आणि त्यावर मीठ-हळदीचा, लसणाचा किंवा मिरीचा लेप ही खासियत खरी. दुकानदार मूठभर चाखायला देतो. चाखून एकाच प्रकारचे घ्या आणि परतीच्या वाटेवर संपवा. चिक्की सगळीकडेच मिळते, पोरांना हवी असेल तर घ्या.

वेण्णा तलावाच्या काठी निखाऱ्यावर कणीस, मीठ-लिंबू-तिखट लावून. संध्याकाळी पाण्यावरून गार वारा सुटतो, डिसेंबर-जानेवारीत तर पहाटे इथे दंव गोठल्याच्या बातम्या येतात. स्वेटर, कानटोप्या गाडीत हाताशी ठेवा. बर्फाचा गोळा मात्र टाळा, पाणी कुठलं असेल सांगता येत नाही, आणि थंडीत तो हवा कशाला.

साडेपाचला निघा. पसरणीचा घाट उजेडात उतरलेला बरा.

९. घरी काय न्यायचं, कसं न्यायचं

स्ट्रॉबेरी अगदी शेवटी घ्या, निघण्याच्या वाटेवर. डबी उलटी करून तळ बघा. वरचा थर सगळेच छान लावतात, खाली मऊ किंवा पांढरी फळं दडवलेली नाहीत ना ते बघायचं. डबीच्या आत पाण्याचे थेंब असतील तर नको. डिकीत ठेवू नका, तिथे ती उकडतात. कोणाच्या तरी मांडीवर, थंड हवेत. घरी गेल्यावर न धुता, पसरट डब्यात कागदावर एकेरी थर लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दोन दिवसांत संपवा.

पानासकट गाजरांच्या जुड्या रस्त्याकडेला दिसतात. बारीक, गोड, पोरं नुसती खातात. घेतल्यावर तिथेच पानं कापून टाका, नाहीतर पानं गाजराचा ओलावा ओढून घेतात आणि घरी जाईतो गाजर मऊ पडतं. बोराएवढे लाल मुळे, फरसबी, मटार हेही घेण्याजोगं. गाडीत जागा असेल तर आठवड्याची भाजीच घ्या.

साताऱ्याकडून परतणार असाल तर मेढ्यामार्गे केळघरचा घाट उतरून साताऱ्यात कंदी पेढे घ्या. खवा खरपूस भाजलेला आणि साखर बेताची, त्यामुळे रंग तपकिरी. पांढरट पेढा दिसला तर तो साधा पेढा. हा रस्ता लांबचा पडतो, मुलं झोपेला आली असतील तर वाईनेच परता.

दुसऱ्या दिवशी डबी उघडल्यावर काही फळं दबलेली निघतीलच. बुरशी धरलेली असतील ती फेका. नुसती मऊ पडलेली असतील तर टोपी काढून, निम्म्या वजनाची साखर घालून तासभर ठेवा. सुटलेल्या पाण्यासकट मंद आचेवर शिजवा, शेवटी अर्धं लिंबू पिळा. चमच्यावरून संथ पडायला लागलं की उतरवा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, शाळेच्या डब्यातल्या चपातीला लावायला कामी येतं.